एका मोटारीची महाजनकी

जुनी वस्तू घ्यावयास निघालेल्या माणसांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एकास ती स्वस्त मिळते म्हणून हवी असते, दुसऱ्यास ती जुनी आहे म्हणून हवी असते. पहिल्याची निराशा महिन्याभरात होते. दुसऱ्याची होण्यास वर्ष लागते, एवढाच काय तो फरक. वस्तू जर मोटार असेल, आणि तीही इंजिन बिघडलेली, तर दोघांनाही शहाणी माणसे एकच सल्ला देतात : ‘नाद सोडा.’ सल्ला चांगलाच असतो. पण त्यामागचे कारण बहुधा चुकीचे असते, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे.

आमच्यापुढे हा प्रश्न आला तो बेळगावातल्या शहापूर भागात. आमच्या एका दिवंगत स्नेह्यांची १९६७ सालची फियाट गेली चार वर्षे त्यांच्या वाड्याच्या पडवीत उभी होती. वाडा आता विकावयाचा ठरला. वहिनींनी निरोप धाडला, “भाऊजी, भंगारवाला वजनावर मागतो आहे. तुम्ही घेणार असाल तर साठ हजारांत देते आणि पंधरा दिवस थांबते.” सुमारे नऊशे किलो लोखंड म्हणून तिचा हिशेब होणार, या कल्पनेनेच आमचे मन निम्मे हरले. उरलेले निम्मे शाबूत ठेवून आम्ही विचारास बसलो.

गाडी म्हणजे काही दुर्मिळ रत्न नव्हे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० ही इटलीची लेक आपल्याकडे नांदावयास आली. आमच्या समोरची गाडी तिच्या ‘डिलाइट’ नावाच्या रूपातील. हीच पुढे सत्तरीच्या दशकात ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती दोन पिढ्यांनी पाहिली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सीनेही रस्त्याचा निरोप घेतला. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चक्राच्या दांड्यावर गिअर : हा सारा संसार साधा, उघडा, आणि पाना हाती धरणाऱ्यास समजणारा.

आम्ही आमच्या ओळखीच्या वयोवृद्ध मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी नवी बॅटरी जोडली, टाकीतले जुने पेट्रोल काढून ताजे घातले आणि इंजिन फिरविले. ते जागे झाले खरे, परंतु कण्हत. मिस्त्री म्हणाले, “अण्णा, ठोका ऐकला? आता कुठला ते बघू.” एकेका प्लगची वायर त्यांनी आळीपाळीने काढली. चौथ्या सिलिंडरची वायर काढताच ठोका मंदावला. अर्थ असा की, चौथ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले आहे. मग इंजिन थांबवून चारी प्लग काढले आणि प्रत्येक भोकात दाबमापक लावून पाहिले. पहिल्या व चौथ्याचा दाब चांगला. दुसऱ्या व तिसऱ्याचा अगदीच कमी. मिस्त्रींनी त्या दोहोंत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. तेलाने दाब वाढता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असे ठरते. तो वाढला नाही. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एकदम असे होते तेव्हा बहुधा मधले हेड गॅस्केट फुटलेले असते. इंजिनातील तेल दुधाळ झालेले नव्हते, म्हणजे त्यात पाणी उतरले नव्हते. ही त्यातल्या त्यात सुवार्ता.

“म्हणजे किती?” आम्ही विचारले. मिस्त्रींनी दोन आकडे सांगितले. क्रँक पूर्वी घासलेला नसेल तर पंच्याऐंशी हजार. पूर्वी एकदोनदा घासून मापाबाहेर गेला असेल तर दुसरा शोधावा लागेल, आणि खर्च सव्वा लाखाच्या पलीकडे. “उघडल्याशिवाय कोण सांगणार, अण्णा?” क्रँक घासणे, सिलिंडर बोअर करणे ही कामे उद्यमबागेत होण्याजोगी आहेत, ओतकाम व यंत्रकाम यांसाठी हे शहर नावाजलेले आहे. शिवाय २०२५ पासून पंपांवर सर्रास मिळणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. तेव्हा इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलणे ओघानेच आले.

आकडे ऐकून आम्ही घरी आलो. छपरासाठी म्हणून अडीच लाख रुपये आम्ही बाजूस ठेवले होते. आमचे घर कौलारू. गेल्या मृगात माजघरात तीन ठिकाणी भांडी मांडावी लागली. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “अहो, मोटारीचे छप्पर शाबूत आहे म्हणून घराचे गळू द्यायचे का?” या प्रश्नास उत्तर नव्हते, आणि तो टाळण्याचीही सोय नव्हती.

त्याच आठवड्यात फोंड्याहून आमचे मेहुणे आले. उमेदीच्या काळात त्यांनी गोव्यात जुन्या मर्सिडीज टॅक्सीवर पुष्कळ वर्षे काढलेली. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेदेखील नाही. हातात किल्ली घेऊन ते गाडीखाली शिरले आणि तळाचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या, चाकांजवळचे कोपरे ठोकठोकून ऐकत राहिले. बाहेर येऊन कपडे झाडीत म्हणाले, “भावजी, मोडिल्लें इंजन समा करूं येता, कुसिल्ली कूड समा करूंक जायना. हिची कूड बरी आसा.”

या वाक्याने आमच्या विचाराचे तोंड फिरले. या फियाटला ट्रकाप्रमाणे वेगळी चौकट नसते. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. तो आतून गंजला तर आधारच जातो, आणि मग नवेकोरे इंजिन बसविले तरी ते कुजल्या तुळईवर कळस चढविण्यासारखे होते. इंजिन बिघडले ही दिसणारी, मोजता येणारी, सुटी करून कारखान्यात नेता येणारी पीडा आहे. म्हणून इंजिन बिघडलेली मोटार टाळावी हे कारण पुरेसे नाही; पत्रा कुजलेली मोटार मात्र इंजिन उत्तम असले तरी टाळावी.

दुसरी पारख कागदांची. नोंदणीपुस्तकातील सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतो की नाही, हे आम्ही भिंग घेऊन पाहिले. जुळत होता. पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने ‘विंटेज’ नोंदणीची स्वतंत्र सोय केली आहे. परंतु तशी नोंदलेली गाडी प्रदर्शन, शर्यत-फेरी वा दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. आम्हांस तर वर्षाकाठी कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या दर्शनास जावयाचे! तेव्हा नेहमीचीच नोंदणी, तपासणी करून घेऊन पाच-पाच वर्षांनी वाढविणे भाग.

तिसरी पारख सर्वांत अवघड : हातांची. मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. त्यांच्यामागून हे काम कोण जाणणार? त्यांचा पुतण्या त्यांच्या हाताखाली कार्ब्युरेटर उघडावयास शिकतो आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. आणि खरे सांगावयाचे तर साठ हजारांच्या निर्णयात त्या पोराच्या तेलकट बोटांचा वाटा मोठा आहे. ज्या वस्तूची विद्या जाणणारा उरत नाही, ती शाबूत असूनही मेलेली असते.

आमच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. श्रीशांतादुर्गा सोळाव्या शतकात केळशीहून कवळ्यास आली. मूळचे देऊळ गेले, सध्याचे अठराव्या शतकात शाहू महाराजांच्या काळी उभे राहिले. स्थळ बदलले, वास्तू बदलली. टिकली ती सेवा, आणि ती पुढच्या हाती सोपविणारी माणसे. महाजन देवळाचे मालक नसतात. त्यांनी आपल्या पाळीत कौले फिरवावी, हिशेब चोख ठेवावा आणि पुढच्याच्या स्वाधीन करावे. मोटार म्हणजे देव नव्हे, याची आम्हांस पुरती जाणीव आहे; पण साठीला टेकलेल्या वस्तूशी माणसाचे नाते मालकाचे उरत नाही, महाजनाचे होते. ज्याला ही महाजनकी पेलत नसेल त्याने ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आणि महाजनास हिशेबाचा विसर पडून चालत नाही. म्हणून आम्ही असे ठरविले : वहिनींना साठ हजार आत्ता द्यावयाचे, गाडी आमच्या परसातल्या पडवीत आणून ताडपत्रीखाली ठेवावयाची. उरलेल्या रकमेतून पहिल्याने घराचे छप्पर. तेवढ्यात ते भागेल असे सुतार म्हणतो. इंजिन उघडावयाचे ते दिवाळीनंतर, येणाऱ्या पेन्शनीतून, आणि सव्वा लाख ही मर्यादा लिहून ठेवून. क्रँक मापाबाहेर निघाला तर दुसरा मिळेतो थांबावयाचे. कर्ज काढावयाचे नाही. दुरुस्तीनंतरचे पहिले काही शेकडा किलोमीटर सपाटीवर, सावकाश. चोर्ला घाट त्यानंतर.

सौभाग्यवतींनी हा ठराव ऐकला आणि एक दुरुस्ती सुचविली : मिस्त्रींच्या पुतण्यास कामाचे पैसे वेगळे, त्याच्या हातात द्यावयाचे. ती दुरुस्ती आम्ही तत्काळ मंजूर केली.