धक्का स्टार्ट!

भरवशाची गाडी कोणती? ऑफिसच्या कँटीनमध्ये हा प्रश्न नुसता टाकून बघा. अर्ध्या मिनिटात दोन पार्ट्या पडतात. मायलेज, सर्व्हिसिंग, रिसेल… लंच ब्रेक संपतो, वाद संपत नाही. पण हाच प्रश्न वरळीच्या बीडीडी चाळीतल्या जुन्या टॅक्सीवाल्यांना विचारा. ते उलट तुम्हालाच विचारतील, 'ती बंद पडल्यावर काय करायचं, ते माहितीय का?'

वरळी नाक्यावरून आत शिरलं की जांबोरी मैदान लागतं. दहीहंडीच्या दिवशी टीव्हीवर बघितलं असेल तुम्ही. त्याच्या अवतीभवती या चाळी. ब्रिटिश सरकारने १९२० च्या दशकात बांधलेल्या. तळमजला अधिक तीन मजले, इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. एकट्या वरळीत अशा १२१ इमारती! गिरणी कामगार राहिले, पोलिसांची कुटुंबं राहिली, आणि टॅक्सीवालेसुद्धा. माझा मामा त्यांच्यातलाच. गाव खेड, गाडी पद्मिनी.

पद्मिनी म्हणजे आपली काळी-पिवळी 'फियाट'. नाव बदलून ती १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली, तरी मुंबईकर तिला फियाटच म्हणत राहिले. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली हँड गियर, आणि पुढेही बाकासारखी सलग सीट. तयार व्हायची इथेच, कुर्ल्याला. कोलकात्याने टॅक्सीसाठी अ‍ॅम्बॅसिडर उचलली, मुंबईने ही. लायसन्स-परमिटच्या त्या जमान्यात गाडी बुक करून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. त्यामुळे मिळेल ती गाडी चांगली. नाही झेपली तर झेपवायची!

आता खरं सांगायचं, तर आजच्या हिशोबाने पद्मिनी काही फार भरवशाची गाडी नव्हती. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये रखडली की पेट्रोलची पाइपातच वाफ व्हायची आणि इंजिन गप. मग ड्रायव्हर बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचा, एक विडी ओढायचा आणि पुन्हा स्टार्टर मारायचा. हँड गियरचा सांधा अडकला तर तोही बॉनेट उघडून हातानेच सोडवायचा. कशेडीचा घाट चढताना पाण्याचा कॅन डिकीत हवाच. पण गंमत बघा, यातल्या प्रत्येक दुखण्यावरचा इलाज ड्रायव्हरच्या हातात होता. पॉइंट घासायचा, प्लग पुसायचा, फॅन बेल्ट बदलायचा. स्पेअर पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. फारच झालं तर अर्ध्या दिवसाचा धंदा बुडायचा.

अर्धा दिवस! टॅक्सीवाल्याचं भरवशाचं माप हेच. गाडी किती वेळा बंद पडली, हे तो मोजत नाही. किती दिवस घरी बसवलं, हे मोजतो.

आणि चाळीत एक एक्स्ट्रा सोय होती. २००५ साली माझा मामेभाऊ दहावीला होता. १६० फुटांच्या खोलीत सहा माणसं, वर टीव्ही. अभ्यास कुठे करणार? दादा टॅक्सीच्या मागच्या सीटवर मांडी घालून, आतला दिवा लावून भूमिती करायचा. सकाळी बॅटरी डाउन! मामा पाचला उठून चावी फिरवणार, नुसतं 'टक्'. मग तो ओरडायचा नाही, फक्त दोनदा हॉर्न मारायचा, तोही मेल्यासारखा वाजायचा. नळावर बादली लावून उभे असलेले दोन-तीन जण यायचे, एखादा हवालदार ड्युटीवर निघता निघता हात लावायचा. दुसऱ्या गियरमध्ये क्लच दाबून ढकलायचं, वेग आला की सोडायचा. धक्का स्टार्ट! दादाला ७४ टक्के पडले. त्यातले निदान चार टक्के ढकलणाऱ्यांचे, असं मामा आजही म्हणतो.

मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा लागली आणि २०१६ मध्ये मामाची गाडी भंगारात गेली. (शहरातली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. ऑक्टोबर २०२३ संपता संपता तीही रस्त्यावरून उतरली.) मग मामाने कर्ज काढून नवी सीएनजी हॅचबॅक घेतली. एसी, पॉवर स्टिअरिंग, सगळं मस्त. वर्षभरात एकदासुद्धा रस्त्यात थांबली नाही. आणि मग एकदा थांबली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मामाने सवयीने बॉनेट उघडलं आणि तसाच उभा राहिला. आत हात घालावा असं काही दिसेचना! सेन्सर गेला होता. लॅपटॉप लावल्याशिवाय कळणार नाही म्हणाले, पार्ट मागवायला हवा म्हणाले. नऊ दिवस. हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर कापला गेला.

'गाडी वाईट नाय गं बाय,' मामा मला म्हणाला, 'पण ती माझ्या ओळखीची नाय.'

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात मामाचाही नंबर लागला. ४० मजली टॉवर, ५०० चौरस फुटांचं घर, घरातच संडास-बाथरूम. मामीला विचाराल तर जुनी चाळ तिला एक दिवसही आठवत नाही. कॉमन संडासासमोर रांगेत आयुष्य गेलेल्या बाईला कुणी नॉस्टॅल्जिया शिकवू नये! टॉवरला पार्किंगही आहे, म्हणून आता दादाला गाडी घ्यायचीय. तो स्वतः आयटीत, रोज बीकेसीच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो, त्यामुळे त्याला ऑटोमॅटिक हवी. गेल्या रविवारी त्याने मोबाइलवर रिव्ह्यू लावले, स्टार रेटिंग दाखवलं, पाच वर्षांची वॉरंटी वाचून दाखवली. मामाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

'ढकलून चालू होते?'

'नाही ओ बाबा. ऑटोमॅटिक कधीच धक्क्याने चालू होत नाही.'

मामा गॅलरीत गेला. एकविसाव्या मजल्यावरून त्याने खाली पाहिलं. जांबोरी मैदान तळहाताएवढं दिसत होतं, माणसं त्याहून बारीक.

'मग बुक करताना एवढंच विचार,' तो म्हणाला, 'सर्व्हिस सेंटर किती लांब, आणि पार्ट किती दिवसांत येतो. इथून हॉर्न मारून कोण येणाराय?'

दादाने दोन्ही प्रश्न मोबाइलमध्ये टाइप करून घेतले. तुम्हीही घ्या!