टोळीचें तेल व जवसाचें पाणी

आमच्या वसतिगृहांतील मुली आठवड्यांतून दोन वेळां न्हातात, आणि त्या दिवशीं हातपंपापाशीं जो गलबला उडतो तो आलापल्लीच्या मोटार-स्थानकावरही ऐकूं जात असावा. केसांविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आहे; परंतु माझ्या हातून घडलेली एक चूक आधीं सांगितल्यावांचून लेखणी पुढें सरत नाहीं.

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टीहून परततांना पांचवींतील एका मुलीनें (तिचें नांव येथें देत नाहीं) घरून तेलाची एक बाटली आणिली. ह्या बाजूस मोहाच्या बियांस टोळी म्हणतात. त्या वाळवून काढलेलें तेल पिवळसर व दाट असतें, आणि त्याचा उग्र वास नाकांत बसतो. बाकीच्या मुली नाक दाबून हंसूं लागल्या. त्यांस रागें भरावयाचें सोडून मीं ती बाटलीच कपाटांत ठेवून कुलूप लाविलें, आणि त्या मुलीच्या हातावर शांपूची एक पुडी ठेविली. डोक्यावरील केसांविषयींचें प्रभूचें वचन त्याच आठवड्यांत शास्त्राच्या तासाला मीं वर्गास समजावून दिलें होतें!

पुडी एका न्हाण्यांत संपली. मग ती मुलगी अंगाचाच साबण डोक्यास लावूं लागली. आमच्या पंपाचें पाणी जड; त्यांतील चुना व साबण ह्यांच्या संयोगानें न विरघळणारा चिकट साका होतो व तो केसांस धरून राहतो. शिवाय साबण क्षारधर्मी. केसाच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणें एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. क्षारानें ते उचलले जातात व केस केसांत अडकतो. महिनाभरांत तिच्या डोक्यांत फणी शिरेना. एके सकाळीं तिनें शिवणाच्या कात्रीनें मानेपाशीं वेणी कापून टाकिली, आणि ती वेणी रुमालांत बांधून उशाशीं ठेविली.

नाताळच्या सुट्टीसाठीं तिला न्यावयास आई आली. धानाची कापणी-मळणी आटोपून, पहांटे निघून आलेली बाई. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून तिनें मला एवढेंच विचारिलें, "तेल सरलं का जी, बाई?"

मीं कपाट उघडलें. बाटली भरलेलीच होती. थंडीनें तेल तुपासारखें थिजलें होतें. ती माउली कांहीं बोलली नाहीं. तिनें बाटली दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली, थोडें तेल पातळ झाल्यावर तेथेंच पायरीवर बसून लेकीच्या केसांस चोळलें. त्या वेळीं तिचा राग मला सोसला असता.

त्या रात्रीं मला माझ्या आजीची आठवण झाली. धानाच्या उभ्या पिकांत फेंकलेला जवस तिच्या घरीं येई. त्याची चटणी तर होईच. पण रविवारच्या उपासनेस जाण्यापूर्वीं आमचे विस्कटलेले केस ती जवसाच्याच पाण्यानें बसवी. पदवी घेतांना हें ज्ञान मी कोठें सांडून आलें कोण जाणे! शिकेकाई व रिठे मळ काढितात. मऊपणा आणणारी वस्तु निराळी पाहिजे, आणि ती जवसाच्या सालींत असते. दुकानांत हिलाच कंडिशनर म्हणून बाटलींत भरलेलें कांहीं तरी विकतात. (शांपू हा शब्द मात्र आपल्याच देशांतील 'चांपणें' ह्या अर्थाच्या शब्दावरून गेलेला. पाटण्याच्या शेख दीन महंमदानें १८१४ सालीं इंग्लंडांत ब्रायटन येथें अंग चांपण्याचें स्नानगृह काढिलें, तेव्हां केस धुण्याशीं त्याचा संबंध नव्हता.)

कृति सोपी आहे. दोन मोठे चमचे जवस दोन पेले पाण्यांत मंद आंचेवर दहा मिनिटें ढवळीत उकळावा. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखें ओघळूं लागलें कीं उतरावें, आणि तें गरम असतांनाच पातळ फडक्यांतून गाळावें. थंड झाल्यावर तें फडक्यांतून उतरतच नाहीं. पहिल्या खेपेस माझें सर्व पातेलें असेंच फुकट गेलें, व मुलींस हंसण्यास नवें निमित्त मिळालें. हें पाणी धुतलेल्या ओल्या केसांस टोंकांकडून वर चोळावें, थोड्या वेळानें साध्या पाण्यानें धुवावें. शेवटच्या तांब्यांत लिंबाचे चार थेंब टाकल्यास उचललेले खवले पुनः बसतात. जवसाचें पाणी फार दिवस टिकत नाहीं. दुसऱ्या दिवशीं वास आला तर फेंकून द्यावें. तेल लावावयाचें तें न्हाण्याच्या आदल्या रात्रीं.

सुट्टी संपतांच त्या मुलीपुढें, आणि मग सर्व मुलींपुढें, मीं माझी चूक कबूल केली. केस महिन्यास जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. तिचे केस आतां कोठें खांद्यास टेंकले आहेत. रुमालांतली वेणी तिनें अजून टाकलेली नाहीं. ह्या हिवाळ्यांत वसतिगृहाच्या पायरीवर, सकाळच्या उन्हांत, तिची बाटली तेल वितळण्यासाठीं ठेविलेली असते. परवां तिच्या शेजारीं आणखी तीन बाटल्या दिसल्या. एकीवर नांव नव्हतें. ती माझी आहे.