घागरभर पाणी

उस्तादांनी रेडिएटर उभा धरला आणि गॅसची ज्योत वरच्या टाकीच्या कडेनं सावकाश फिरवली. जुना डाग पाघळला, पितळी टाकी अलगद सुटून आली आणि आतल्या नळ्यांची तोंडं उघडी पडली. निम्म्याहून जास्त बुजलेली होती. पांढरट, मध्येच विटकरी झाक असलेला थर, अंघोळीच्या बंबाला आतून बसतो तसा. त्यांनी लवचीक पट्टी एका नळीत घातली. चार बोटं आत गेली आणि अडली.

"देखो बाई," ते म्हणाले, "पचपन साल का पानी बैठा है यां."

मी वाकून बघत राहिले. गाडी म्हातारी झाली म्हणून तापते, असं मी इतके दिवस समजत होते. ती तापत होती या थरामुळं. इंजिनाची ऊब पाण्यात यायची, पाण्यातून नळीच्या तांब्या-पितळेत आणि तिथून वाऱ्यात जायची, ती वाटच क्षारांनी अडवली होती. आणि हे क्षार कुठल्या कुठल्या पाण्याचे होते, त्यातल्या एका घागरीचा हिशेब मला ठाऊक होता.

आमची अँबॅसिडर १९६८ची, मार्क टू. मूळ विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डचं रूप, बंगालमधल्या उत्तरपाड्याला तयार झालेली, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. वडील देगलूरला डॉक्टर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मरखेल, हाणेगाव, करडखेड, कुठूनही बोलावणं आलं की दादा गाडी काढायचे. रस्ते कसले, बैलगाडीच्या चाकोऱ्या. दर दहा-पंधरा मैलांवर बॉनेट उघडायचं आणि जवळच्या घरातून पाणी मागून घ्यायचं, हे आम्हा पोरांना इतकं अंगवळणी पडलं होतं, की गाडीला पेट्रोल आणि पाणी सारखंच लागतं असं मला वाटायचं.

१९७३चा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस झाला नव्हता. ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ मराठवाड्यात काढला त्यांना त्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. लेंडी कोरडी, विहिरींना तळ लागलेला, माणसं नदीच्या वाळूत झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरत होती. शेतकरी बायाबापड्यांसकट खडी फोडायला बसले होते. एका दुपारी एक अडलेली बाळंतीण दादांकडं आणली. इथं काही होण्यासारखं नव्हतं, नांदेडला न्यावं लागणार होतं. मागच्या सीटवर ती आणि तिची सासू, पुढं मी. आजोळी जायचं म्हणून मला घेतलं होतं. मी बारा वर्षांची होते.

नरसीच्या अलीकडं गाडीनं वाफ सोडली. दादांनी गोणपाट ओलं करायला पाणी शोधलं तर डबा रिकामा. मागं ती बाई कण्हत होती. दादा रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

खडीच्या कामावरून एक बाई घरी निघाली होती. कमरेला घागर. झिऱ्यावरून भरून आणलेली, म्हणजे किती वेळ ती वाळूत बसली असेल ते आता कळतं, तेव्हा कळलं नव्हतं. तिनं गाडीत डोकावून बघितलं. काही विचारलं नाही. दादा म्हणाले, अजून ओतू नका, तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर ब्लॉक तडकतो. ती घागर घेऊन तशीच थांबली. बाभळीच्या सावलीत बसली नाही, बाळंतिणीला पदरानं वारा घालत राहिली. दोन ओंजळी पाणी तिला पाजलं. इंजिन निवल्यावर दादांनी गोणपाट टाकून टोपी उघडली आणि तिनं स्वतःच्या हातानं घागर ओतली. सगळी. शेवटचं पाणी गळताना घागरीच्या गळ्यातून येतो तो आवाज मी ऐकला आहे.

दादांनी खिशातून नोटा काढल्या.

"पान्याचे कुटं पैसे घेतेत व्हय? आदी लेकरू वाचवा," ती म्हणाली आणि रिकामी घागर घेऊन परत झिऱ्याकडं वळली.

आम्ही पोचलो. बाळबाळंतीण दोघंही वाचली. परतीला दादा त्या वळणावर थांबले, पण घरं रस्त्यापासून आत होती आणि कुणाला काय म्हणून विचारायचं? आम्ही तिचं नावच विचारलं नव्हतं. ही चुटपुट दादांना शेवटपर्यंत राहिली. त्यानंतर डिकीत पाण्यानं भरलेले दोन पत्र्याचे डबे कायम असायचे, आणि रस्त्यात कुणाचीही गाडी वाफाळलेली दिसली की ते थांबायचे.

दादा गेल्यावर गाडी शेडमध्ये पडून होती. भाचे म्हणायचे, मावशी, भंगारात तरी देऊन टाक. जगातले शौकीन काटेकोरपणे १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांनाच विंटेज म्हणतात, पण २०२१ साली केंद्रानं नियम केला आणि आपल्याकडं ५० वर्षं पूर्ण झालेली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवायची सोय झाली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठी फेरफार नको, एवढं त्यात महत्त्वाचं. शाळेतून निवृत्त होऊन मला वर्षच झालं होतं. फंडातले थोडे पैसे बाजूला काढले आणि गाडी चालती केली. चालती झाली, पण नरसीपर्यंत गेली की तापायची. तिथंच, बघा.

आता रेडिएटर बदलायचा तर कुठला? एका मोठ्या शहरातल्या दुकानातून मी मापावर ॲल्युमिनियमचा करून मागवला. चकचकीत, उचलायला हलका. तीन महिन्यांत एका कोपऱ्यातून पाझरू लागला आणि दुकानदारानं फोन उचलणं बंद केलं. मग कुणीतरी दुसऱ्याच गाडीचा जुना, मोठा रेडिएटर सुचवला. त्याची होज पाइपची तोंडं जुळत नव्हती, पुढचा पत्रा कापावा लागला असता. दादांच्या गाडीचा पत्रा कापायला माझं मन होईना.

तेव्हा मी उदगीर रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. उस्ताद तिथं चाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि हैदराबादला जाणाऱ्या ट्रकांचे रेडिएटर झाळत बसलेत. काम पोरवयात हैदराबादला शिकले. त्यांच्याकडं विकायला तयार ॲल्युमिनियमचे होते, मी मागितला असता तर दिला असता आणि त्यांना दोन पैसे सुटले असते. त्यांनी आधी माझा जुना, गळका, मूळचा रेडिएटर मागवला. तो मी शेडच्या माळ्यावर टाकला होता.

"ये नक्को फेको," ते म्हणाले. "टाकी देखो, बाजू की पट्टी देखो. सोना है."

पुढचे दोन दिवस मी त्यांच्याकडं विद्यार्थिनीसारखी बसले. ॲल्युमिनियम वाईट नाही, हे त्यांनीच मला समजावलं. उष्णता वाहून नेण्यात तांबं त्याच्या दीडपटीहून सरस, पण ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात म्हणून तो हिशेब भरून निघतो. नव्या गाड्यांना तो बरोबरच आहे. पण बिडाचं इंजिन, त्याला ॲल्युमिनियम जोडलं आणि कूलंटऐवजी वाटेतल्या बोअरचं पाणी घातलं, की धातू खायला सुरुवात होते. शिवाय तो आडगावी फुटला तर कोण जोडणार? कथील-शिशाचा डाग १८३ अंशांच्या पुढं मऊ पडतो, पितळ वितळायला नऊशेच्या वर जावं लागतं. म्हणून पितळी टाकी कितीदाही सोडवा आणि कितीदाही जोडा, तिला काही होत नाही. ज्याला खोलून पुन्हा जोडता येतं असं यंत्र माणसाला परकं होत नाही, असं मला त्या शेडमध्ये बसून वाटलं.

ठरलं ते असं. टाक्या आणि पट्ट्या मूळच्याच, मधला कोर नवा, तांब्याच्या पत्र्यांचा. मी म्हटलं, चार ओळींचा घालूया, जास्त गार होईल. उस्तादांनी मान हलवली. चौथ्या ओळीपर्यंत वारा पोचतो तो आधीच तापलेला, आणि जाडी वाढली की पंखा घासायला येतो. तीन ओळी पुरेत. पत्रेही फार दाट नकोत. सोयाबीन-तुरीच्या मळणीत रस्त्यावर भुसकट उडतं, ते दाट जाळीत अडकून बसतं, मग वारा जाणार कुठून? हा विचार कुठल्याही शहरातल्या दुकानदाराच्या डोक्यात आला नव्हता. टोपीही जुन्याच, ७ पौंडांच्या दाबाची. दर पौंडाला पाण्याचा उकळबिंदू दीड अंशाच्या आसपास वाढतो, म्हणून एकानं मला १५ पौंडांची घ्यायला सांगितलं होतं. "पानी तो नै उबलता, पर जुने जोड़ां फटते," उस्ताद म्हणाले. आणि सगळ्यांत आधी त्यांनी मला मेस्त्रीकडं परत पाठवलं: इंजिनाच्या ब्लॉकमधला गाळ धुऊन काढल्याशिवाय नवा कोर बसवणार नाही, दोन महिन्यांत तो पुन्हा बुजेल.

रात्री मी वाचत बसायचे. विल्हेल्म मायबाखनं १९००च्या सुमारास मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात ६ मिलिमीटरच्या चौकोनी ८०७० नळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी हे उत्साहानं उस्तादांना सांगितलं. ते हातातलं काम थांबवून ऐकत होते.

"आठ हजार नळ्या," ते म्हणाले. "जोड्या कौन, वो लिखे क्या किताब में?"

लिहिलेलं नव्हतं.

नवा कोर बसवून त्यांनी तोंडं बंद केली, हवा भरली आणि रेडिएटर हौदात बुडवला. आम्ही दोघं पाण्यावर वाकलो. एका कोपऱ्यातून मोहरीएवढा बुडबुडा वर आला. त्यांनी बाहेर काढून पुसला, नवसागर लावला, डाग दिला, पुन्हा बुडवला. पुन्हा एक. तिसऱ्या वेळी पाणी स्थिर राहिलं, तरी ते आणखी पाच मिनिटं बघत होते. पैसे त्यांनी पूर्ण घेतले, बिल लिहून दिलं, आणि ते तसंच हवं होतं. मी एकच गोष्ट जास्तीची मागितली: नळ्यांतून खरडून निघालेला थर. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. वर्तमानपत्राच्या कागदावर तो झटकला, पुडी बांधली आणि वर दोरा गुंडाळून दिला. मूठभर पांढरी-विटकरी भुकटी. त्यात त्या घागरीतलं किती असेल? कणभर असेल. दादांच्या फोटोखालच्या कपाटात ती पुडी आहे.

मे महिन्यात भर दुपारी मी गाडी काढली. मुद्दामच. भाच्यानं नवा बसवून दिलेला तापमानाचा काटा शंकरनगर मागं पडलं तरी मधल्या रेघेच्या अलीकडंच होता. आता रस्ता राष्ट्रीय महामार्ग झालाय, वळण सरळ झालंय, बाभूळ गेली. अंदाजानं एका ठिकाणी गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडलं. गळती नव्हती. पुढचे जोड कोरडे होते, हात फिरवून बघितला.

शेताकडनं एक बाई आली, डोक्यावर पदर, हातात स्टीलचा तांब्या. उघडं बॉनेट बघून लांबूनच म्हणाली, "पानी पायजे का गाडीला?"

"गाडीला नको," मी म्हटलं. "मला द्या."

प्यायल्यावर मी तिचं नाव विचारलं.