वेंगुर्ल्याच्या वाटेवरचा काजू

एप्रिलात पेडण्याहून किरणपाणीचा पूल ओलांडला की आरोंदा येतं. काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास दोन्ही काठांवर सारखाच. पण गोव्यात बोंडं तुडवून रस काढतात, आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. आधी हुर्राक, मग फेणी. या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सर्दी झाली, अंग ठणकलं की चोळायलाही घरोघरी तीच. आरोंद्याच्या काठावर मात्र तीच बोंडं ढिगांनी झाडाखाली कुजतात. संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असलेलं फळ असं मातीत जाताना पाहवत नाही.

हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्ताने 1563 साली इथल्या औषधींवर ग्रंथ छापला. त्यात आपल्या बिब्ब्याला स्वतंत्र प्रकरण आहे, काजूला नाही. पुढे 1578 मध्ये ख्रिश्तोव्हाव दा कोश्ताने कोचीनला पाहिलेल्या काजूच्या झाडाविषयी लिहिलं. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. दोघांच्या टरफलात कातडी भाजणारं तेल.

वेंगुर्ल्यात डचांच्या वखारीच्या जांभ्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रावर कोंडी करणाऱ्या डचांनी 1637 च्या सुमारास इथे ठाणं मांडलं. मिरी आणि कापडासाठी समुद्रावर लढाया झाल्या. आज गावाचा संसार चालतो तो ज्याच्यासाठी कुणी लढलं नाही, त्या काजूवर.

बाजाराकडे जाताना एक काकू ओले काजू फोडत बसल्या होत्या. बोटांना राख चोळलेली. हिरवी बी उभी चिरायची, टोकदार काडीने गर उचलायचा, पुन्हा राखेत हात. मी बी उचलायला गेले तशा ओरडल्या, "हात लावू नको गो, चीक लागलो तर कातडी जाता!" त्यांची बोटं टोकांशी काळी पडून सोलवटली होती. याच चिकाने जुनी माणसं टाचांच्या भेगा भरतात, कुरूप जाळतात, होडीचं लाकूड राखतात. कारखान्यात वाळल्या टरफलांतून काढलेलं तेल रंगांत आणि गाड्यांच्या ब्रेक-लायनिंगमध्ये जातं.

गराची किंमत आकारावर आणि अखंडपणावर ठरते. डब्ल्यू-320 म्हणजे पौंडात तीनशे ते तीनशे वीस पांढरे अखंड काजू. तुकडा पडला की भाव उतरलाच. त्या सोललेल्या बोटांचा हिशोब कुठल्याच प्रतवारीत नाही, आणि तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

इथलं फळ संशोधन केंद्र 1957 पासूनचं. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 ही कलमं कोकणभर गेली ती इथूनच. काकूंच्या परसातही वेंगुर्ला-7 आहे. बी टपोरी, म्हणून फोडायला सोपी, असं त्यांचं मत. पावसाळा लागला की आणखी दहा कलमं लावणार आहेत. तिसऱ्या वर्षी धरतील म्हणाल्या.