बीपीची गोळी आणि म्हातारपणीची बुद्धी

वाशिम

प्रिय ताई,

बीपीची गोळी हृदयासाठी असते, तिचा विसरण्याशी काय संबंध, असं तू विचारलंस. संबंध थेट आहे. मेंदूच्या आत खोलवर फार बारीक रक्तवाहिन्या असतात. वर्षानुवर्षं दाब चढा राहिला की त्या जाड आणि ताठर होतात, रक्त पुरेसं पोचत नाही आणि मेंदूतली जोडणी झिजते. तेव्हा दुखत-खुपत काहीच नाही. पुढे माणूस विसरायला लागला की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण मोकळे होतो. पण भारतात साठीपुढच्या शंभरांपैकी साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश असतो, असं देशव्यापी पाहणी सांगते. म्हणजे नव्वदांहून अधिकांना तो नसतो. मग दोष एकट्या वयाला कसा द्यायचा?

गोळीने दाब आटोक्यात ठेवला तर विसरणं कमी होतं, यावर कुणी म्हणेल, गोळी घेणाऱ्यांची राहणीच वेगळी असेल, गोळीला श्रेय कशाला? त्याचं उत्तर चीनच्या खेड्यांनी दिलं. तिथे ३२६ गावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली आणि चाळिशीपुढचे, बीपी असलेले सुमारे ३४ हजार लोक अभ्यासले. एका गटात गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी ठरलेल्या पायऱ्यांनी औषध देऊन दाब १३०/८० च्या खाली आणायचा प्रयत्न केला. चार वर्षांत त्या गटात स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी आढळला. निष्कर्ष २०२५ मध्ये आले. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ चाचणीत मात्र स्मृतिभ्रंशातली घट ठामपणे सिद्ध झाली नाही, हे मान्य करायला हवं. पण त्याआधीची पायरी, म्हणजे सौम्य विस्मरण, तिथेही १९ टक्क्यांनी घटलं. मला चीनचा पुरावा जास्त मोलाचा वाटतो, कारण रिसोड-मानोऱ्याकडच्या गावांत मोठा डॉक्टर नसला तरी उपकेंद्र आणि आशाताई आहेत.

‘एकदा गोळी लागली की जन्माची लागते’ ही भीती खरी, पण गोळी सोडली म्हणून दाब जात नाही, तो जाणवला नाही तरी पुन्हा चढतो. चक्कर येऊन पडण्याची भीतीही रास्त आहे. म्हणून ऐंशीपुढच्या, अशक्त माणसाचा दाब झपाट्याने उतरवू नये. बसवून आणि उभं करून, दोन्ही वेळा मोजावा; उभं राहिल्यावर दाब फार उतरत असेल तर डॉक्टरांनी मात्रा बदलावी, घरच्यांनी गोळी बंद करू नये. खरा फायदा मात्र चाळिशी-पन्नाशीत सुरुवात करणाऱ्यांचा आहे. तेव्हा तुझ्या बचत गटाच्या पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलाव. आधी पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात टेबलावर ठेवून प्रत्येकीचं बीपी मोजून घे आणि आकडा वहीत लिही. ज्यांचं जास्त निघेल त्यांना उपकेंद्रात पाठव आणि दर महिन्याला गोळ्या संपायच्या आत नेल्या का, एवढं विचारत जा. सुरू केलेली गोळी मध्येच सुटू न देणं, हे काम गावातली बाईच नीट करू शकते.

तुझा भाऊ