उशिरा परत केलेले पुस्तक

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असा शाळेचा निरोप आला आणि प्रथम आठवले ते एक जुने ऋण. १९९३ साली डी.एड.ला प्रवेश मिळाल्याचे सांगण्यासाठी मी शाळेत आलो होतो. मराठीच्या सरांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्या हाती ठेवले. ती विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' होती. १९९१ साली प्रकाशित झालेल्या या कादंबरीला नुकताच साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. "हे तू वाचलेच पाहिजेस. वाचून झाले की ग्रंथालयात जमा कर," एवढेच सर म्हणाले.

ते वाचायला मला तीस वर्षे लागली.

सबबी पुष्कळ होत्या. आधी परीक्षा, मग नोकरी, मग मुलांची शिक्षणे. प्रत्येक बदलीत ते पुस्तक ट्रंकेतून माझ्याबरोबर कळमनुरी, सेनगाव, वसमत असे फिरले. दिवाळीच्या सुटीत मी ते बाहेर काढी, पहिली काही पाने वाची आणि मिटून ठेवी. पुस्तक फार मोठे आहे, असे मी सांगत असे. खरे कारण निराळे होते. ती कादंबरी धरणासाठी उठवलेल्या जांभळी गावाची आहे, आणि माझे गाव पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या पाण्याखाली आहे. सरांना हे ठाऊक होते. वसतिगृहातील मुलांना नव्हते. कोणी गाव विचारले, तर मी मामाच्या गावाचे नाव सांगत असे. जे गाव कोणाला दाखवता येत नाही, ते आपले म्हणून सांगण्याची मला लाज वाटे.

गेल्या पावसाळ्यात आई ओसरीवरून पडली आणि दोन महिने खाटेवर राहिली. तिला अक्षरओळख नाही. "तुझ्याजवळ एवढी पुस्तकं हायेत, एखादं वाचून दाखव की," ती म्हणाली. माझा हात त्याच पुस्तकाकडे गेला.

रोज रात्री जेवणानंतर मी वाचत असे. कोल्हापूरकडच्या लेखकाने लिहिलेली भाषा तिला प्रथम अवघड गेली. पण गावकऱ्यांसाठी झिजणारे खैरमोडे गुरुजी तिला लगेच आपले वाटले. मध्येच ती हात वर करून मला थांबवी आणि स्वतःचे सांगू लागे. मोजणीला माणसे आली, तेव्हा आमच्या वस्तीत झाड एकच होते, लिंबाचे. ते कोणाच्याच नावावर लागले नाही. जमीन नव्हती, त्यामुळे तिचा मोबदला नव्हता. मिळाले ते मातीच्या दोन खोल्यांचे. निघण्याच्या दिवशी वडिलांनी आधी भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवली आणि मगच छपराला हात लावला. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो. मला फक्त बैलगाडी आठवत होती.

शेवटचे पान संपले, तेव्हा आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आता लिव्हून घे." आणि वेशीपासून ओळीने आमच्या वस्तीतली घरे सांगू लागली: कोणाच्या घराला लागून कोणाचे घर, कोणाच्या दारात रांजण, कोण ऊसतोडीला गेले ते परतले नाही. जवळ वही नव्हती. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर मी एकतीस घरे लिहिली. त्यांपैकी दोघांची नावे तिला आठवली नाहीत. त्यांच्यापुढे 'विहिरीजवळचे' एवढेच लिहिले आहे.

स्मरणिकेच्या प्रकाशनाला येताना मी ते पुस्तक घेऊन येत आहे. सर आता हयात नाहीत. परंतु ते ग्रंथालयात जमा करण्याचे राहून गेले होते. मागील पानांवर शाईने लिहिलेले पाहून ग्रंथपालांनी कृपया रागावू नये, आणि नवी बांधणी करताना ती पाने काढू नयेत. आमचे गाव आता तेवढ्याच पानांवर उरले आहे.