डावा पाटा

गोल्फ कार्टच्या मागच्या चाकाशी उकिडवं बसून मान तिरकी केली की तो दिसतो. एकावर एक घट्ट बांधलेल्या पोलादी पट्ट्या, दोन्ही टोकं वर, मधला भाग खाली. ओठ मिटून कुणी हसतंय असं वाटावं. रंग काळा, पण त्यात कारखान्याचा हात कमी आणि चिखलाचा जास्त. गाडीच्या छताचं, गाद्यांचं, नव्या दिव्यांचं कौतुक करणाऱ्यांपैकी कुणी याच्याकडे वाकून बघत नाही. घरात याचं नाव निघतं ते तक्रारीच्या दिवशीच.

तो राहतो अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, पीचट्री सिटीमध्ये. अटलांटाच्या दक्षिणेला १९५९ साली स्थापन झालेल्या या गावात मोटाररस्त्यांपासून वेगळ्या अशा सुमारे १६० किलोमीटरच्या वाटा आहेत आणि त्यांवरून गोल्फ कार्ट धावते. दुधाला कार्ट, शाळेला कार्ट, शेजाऱ्याकडे गप्पा मारायलाही कार्ट. गोल्फची काठी आयुष्यात हातात न धरलेली माणसं इथे रोज गोल्फची गाडी चालवतात. गाडीचं माहेरही याच राज्यातलं. ऑगस्टा परिसरात ई-झेड-गो ही कंपनी १९५४ साली सुरू झाली आणि पुढच्या दशकात क्लब कारही तिथेच येऊन स्थिरावली.

पाट्याचं, म्हणजे पट्ट्यांच्या या स्प्रिंगचं, घराणं मात्र मोटारीहून जुनं. घोड्याच्या बग्ग्यांखाली त्याच्या पूर्वजांनी हयात घालवली. पुढे आलेल्या गुंडाळीच्या स्प्रिंगने मोटारींमधून त्याला बरंच हुसकावलं, पण ट्रक, बस आणि गोल्फ कार्ट यांच्याखाली तो टिकून राहिला. कारण एकच पाटा भारही पेलतो आणि अ‍ॅक्सललाही जागच्या जागी धरून ठेवतो. दोघांचं काम एकट्याने करणाऱ्याला सहसा कुणी काढून टाकत नाही.

आमच्या गल्लीत मुलाकडे राहायला आलेले एक काका दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपातून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्यांदा कार्टखाली डोकावलं आणि म्हणाले, "अरे, हा तर आपलाच पाटा! परदेशात येऊन पार वाळला बिचारा." एस.टी.च्या पाट्यापुढे हा पोरसवदाच. पण काकांनी त्याला लगेच घरचा मानला आणि तेव्हापासून गल्लीतल्या झुकलेल्या कार्टी त्यांच्या दारात येऊ लागल्या.

स्वभावाने पाटा सरळ. तो एकच कायदा मानतो, रॉबर्ट हूकने १६७८ साली छापून ठेवलेला: जितका भार, तितकी वाक. जास्त नाही, कमी नाही. ओझं उतरलं की पुन्हा होता तिथे. पण हा शहाणपणा मर्यादेत असेपर्यंतच. मर्यादेबाहेरचं ओझं वारंवार पडलं, की पोलाद थोडंथोडं वाकलेलंच राहायला लागतं. हसू सपाट होतं. यालाच गॅरेजात 'पाटा बसला' म्हणतात. तुटला तर गोष्ट वेगळी. चीर बहुतेकदा मधल्या बोल्टच्या भोकापाशी सुरू होते, कारण ताण तिथे सगळ्यात जास्त आणि भोकामुळे पोलाद तिथेच कमी.

ओझं तरी किती? जुन्या पद्धतीच्या सहा बॅटऱ्या, एकेक २८ किलोच्या आसपास. म्हणजे सीटखाली कायमचा दीड क्विंटलहून जास्त भार, आणि त्याचा मोठा वाटा मागच्या अंगावर. मूळ करार एवढाच होता की पुढे दोन माणसं बसतील, मागे गोल्फच्या दोन पिशव्या राहतील आणि गाडी हिरवळीवरून सावकाश फिरेल. मग कुणीतरी पिशव्यांच्या जागी मागे तोंड करून बसायची सीट लावतो. तिच्यावर दोन धष्टपुष्ट पाहुणे बसतात. ते अ‍ॅक्सलच्याही मागे असल्यामुळे गाडीचं पुढचं अंग थोडं उचललं जातं आणि पाहुण्यांच्या वजनाहून जास्त भार मागे येतो. वाटेवर पाइनच्या मुळांनी डांबर फुगलेलं असतं, त्यावरून गाडी उडते. कराराचा कागद पाट्याला कुणी दाखवत नाही. तो निमूट वाकतो.

दोघा भावांत, डाव्या आणि उजव्या पाट्यांत, डावा आधी बसतो. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, आणि बहुतेक फेऱ्यांमध्ये गाडीत चालवणारा एकटाच. वर्षानुवर्षं एकच माणूस एकाच अंगावर. मालकाने गाडी कशी वापरली, हे तो सांगत नाही, पण डावा पाटा पाहून वाचता येतं.

गाडी झुकली की मालक पहिली शिक्षा पाट्याला ठोठावतो, नाहीतर शॉक अ‍ॅब्सॉर्बरला. दोन्ही शिक्षा चौकशीविना. काकांची चौकशी मात्र ठरलेल्या क्रमाने चालायची. "पाट्याला नावं ठेवू नकोस. आधी हवा बघ," हे पहिलं वाक्य. एका चाकात हवा कमी असली तरी गाडी झुकते, आणि हवा भरायला पैसे लागत नाहीत. मग गाडी सपाट काँक्रीटवर उभी करायची, सामान आणि माणसं उतरवायची आणि टेप काढायचा. जमिनीपासून बॉडीपर्यंत माप घ्यायचंच, पण खरी साक्ष अ‍ॅक्सल आणि चासी यांच्यामधल्या अंतराची. ते दोन्हीकडे सारखं आणि तरीही वरची बॉडी तिरकी, तर पाटा निर्दोष. बॉडी बसवलेल्या बोल्टांकडे जायचं. डावीकडचं अंतर कमी भरलं, तरच संशय पाट्यावर. तरीही शंका उरली, तर डावा पाटा उजवीकडे आणि उजवा डावीकडे घालून बघायचं. झुकाव पाट्याबरोबर उजवीकडे गेला, तर गुन्हेगार सापडला. डावीकडेच राहिला, तर दोष चासीत किंवा आणखी कुठे.

पाट्याच्या नावावर नातेवाइकांची पापंही खपतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर गाडीचं वजन पेलत नाही, तो फक्त उसळी आवरतो. मागचा कोपरा जोरात दाबून सोडला आणि गाडी एकदा वर येऊन थांबली, तर तो ठीक. डोलत राहिली, तर तो थकला. झुकलेल्या गाडीला नवे शॉक लावले की गाडी झुकलेलीच राहते, फक्त खर्च होतो. टोकाच्या डोळ्यांतले बुश वाळले की कर्रकर्र ऐकू येते. खड्ड्यात ठक् आवाज आला, तर पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचं, म्हणजे शॅकलचं, भोक मोठं झालं असेल किंवा पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट सैल. मधला बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल एका बाजूने सरकतो आणि गाडी तिरकी पळते. पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं की हे पकडता येतं.

शॅकल हा त्याचा सगळ्यात जवळचा सोबती. भाराखाली पाटा सपाट होतो, म्हणजेच लांब होतो. त्या लांबीला जागा देण्यासाठी शॅकल झुलतो. तो गंजून अडला किंवा कुणी उत्साहाने नट करकचून आवळला, की पाट्याला हालता येत नाही. मग गाडी हाडं मोजते आणि मालक म्हणतो, पाटा कडक झाला.

एवढं करूनही दोष पाट्याचाच ठरला, तर तो उतरवायचा. आधी वीज तोडायची, पुढच्या चाकांना अडण लावायची. गाडी चासीवर उचलून चासीखालीच घोड्या द्यायच्या, म्हणजे पाट्यावरचा भार सुटतो. अ‍ॅक्सलला दुसऱ्या जॅकचा आधार. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडलेलं बरं. नवा पाटा बसवताना मधल्या बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात नेमकं गेलं पाहिजे. ते बाजूला राहिलं, तर यू-बोल्ट कितीही आवळा, अ‍ॅक्सल सरकणारच. रबरी बुश असतील, तर डोळ्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यावर. हवेत आवळले, तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. थोडे दिवस गाडी चालली की यू-बोल्ट पुन्हा तपासायचे.

जाड पाटा घालावा का, हा मोह प्रत्येकाला होतो. मागे रोज माणसं बसणार असतील, तर जास्त पट्ट्यांचा घालावाच. पण हिशेब ध्यानात ठेवावा: पट्टीची जाडी दहा टक्क्यांनी वाढली, तर तिचा ताठरपणा तेहतीस टक्क्यांनी वाढतो. एकट्याने फिरणाऱ्याने असा पाटा घातला, तर गाडी सरळ होते आणि पाठ वाकडी. जड बॅटऱ्या काढून हलक्या लिथियमच्या बसवणाऱ्यांनाही हे कळतं: वरचं वजन उतरतं आणि कालपर्यंत बरा असलेला पाटा अचानक ताठर वाटू लागतो. तो बदललेला नसतो, त्याच्यावरचं ओझं बदललेलं असतं.

पाटे बदलायचे ते जोडीने. इथे उजव्यावर अन्याय होतो खरा. त्याच्याविरुद्ध काहीच सिद्ध झालेलं नसतं, पण नव्या डाव्याशेजारी जुना उजवा ठेवला तर गाडी आता उजवीकडे झुकेल, म्हणून त्यालाही निवृत्ती. एका शेजाऱ्याला हे पटेना. बरा पाटा का फेकायचा, म्हणून तो अडून बसला. काका म्हणाले, "फेकू नकोस, पण गाडीत घालू नकोस. आणि मुळात ही वेळ येऊच देऊ नये. दोन्ही पाटे एका मापाचे आहेत ना? मग बुश तपासायला गाडी उचलशील तेव्हा डावा उजवीकडे घाल, उजवा डावीकडे. तू काही बसायची जागा बदलणार नाहीस. त्यांना तरी आळीपाळीने काम करू दे."